बोडिलचा पाय

पाद्र्याच्या रानातल्या सायकलच्या वाटांना चार रंग आहेत. हिरवा, निळा, लाल आणि काळा. रंग मी देतो. म्हणजे खांबांवर ब्रश मी मारतो. जन्मभर लोकांची दारं-खिडक्या रंगवून पोट भरलं, आता म्हातारपणी फुकटात खांब रंगवतो. पण कुठल्या वाटेला कुठला रंग, हे ठरवणं माझ्या हातात कधीच नव्हतं. आमच्या सायकल मंडळाचा अध्यक्ष रेग्नार, त्याच्याही हातात नव्हतं, आणि ते त्याला फार लागायचं. तो अधिकार कितीतरी वर्षं बोडिलच्या पायाकडे होता.

पद्धत सोपी होती. नवी वाट खणून तयार झाली की बोडिलला वर नेऊन सोडायचं आणि बाकी सगळ्यांनी झाडांमध्ये उभं राहून बघायचं. जमिनीला पाय न लावता ती खाली आली, तर वाट हिरवी, म्हणजे कुणीही यावं. पाय टेकला, तर निळी. पडली, तर लाल. आणि वरूनच खाली डोकावून "नाही बाबा, मी आपली चालत येते" म्हणाली, तर काळी. कारण आमच्या मंडळात सर्वांत वाईट सायकल बोडिल चालवायची, आणि हे आम्ही तिला तिच्या तोंडावर, तिच्या पेल्यात कॉफी ओतता ओतता सांगायचो.

बाहेरच्या माणसाला हे ऐकून वाईट वाटतं. वाटू दे. त्याआधी रंग ठरवायचं काम रेग्नार करायचा. इंजिनियर माणूस, दगडासारख्या पोटऱ्या, त्याला सगळं जगच हिरवं दिसायचं. त्याने हिरव्या ठरवलेल्या पहिल्याच वाटेवरून शाळेतल्या बाई जे निघाल्या ते थेट ओढ्यात. तेव्हा आम्हाला कळलं, की ज्याला एखादी गोष्ट येते त्याला ती अवघड कुठे आहे हे सांगता येत नाही. ते सांगायला न येणाराच माणूस लागतो.

आमचा मुलूख तसा मवाळ. बार्लीची शेतं, मधूनच एखादी टेकडी, टेकडीवर बीच झाडांचं रान, आणि रानापलीकडे खाडीचं पाणी. टेकडीला आम्ही डोंगर म्हणतो. नॉर्वेचा पाहुणा येतो आणि विचारतो, डोंगर कुठे आहे. मग त्याला सांगावं लागतं, की बाबा रे, तू त्याच्यावरच उभा आहेस. पण रानात शिरलं की या मवाळ जमिनीत बऱ्याच खोड्या दडलेल्या असतात. घळी असतात, मुळं असतात, पानांखाली ओली माती असते. मे महिन्यात बीचला नवी पालवी फुटते तेव्हा ऊन त्या पानांतून गाळून खाली येतं आणि सगळं रान पाण्याखाली असल्यासारखं हिरवं होतं. अशा वेळी सायकल हळू होते, माणूस हळू होतो, आणि आपण कुठून आलो हेही क्षणभर आठवत नाही.

बोडिल त्या रानात आली ती दाताळी घेऊन. ती चर्चच्या स्मशानभूमीत माळीण होती. थडग्यांभोवतीची खडी रोज दाताळ्याने विंचरायची, रेघांवर रेघा ओढायची, आणि लोक त्यावरून चालत गेले की पुन्हा ओढायची. मंडळाला वाट साफ करायला दाताळी हवी होती, ती घेऊन आली, आणि मग राहिलीच. वय पन्नाशी ओलांडलेलं, लग्न केलेलं नाही, आई नुकतीच गेलेली. आई तिची मोठी कडक. बोडिल घरी पोहोचली की दारातच म्हणायची, "आलीस का एकदाची." दुकानातून आली तरी तेच, चर्चमधून आली तरी तेच. आपली वाट पाहणं म्हणजे दुसऱ्याला शिक्षा, असं बोडिलच्या मनात लहानपणापासून पक्कं बसलेलं.

सायकल तर आमच्याकडे चालायला लागलेलं पोरही चालवतं. बोडिलही दुकानात-बाजारात सायकलनेच जायची. पण रानातल्या उतारावर तिचं काय बिघडायचं कोण जाणे. वाट सोडून सगळीकडे बघायची. झाडाच्या शेंड्यावर अजून ऊन आहे का, सुतार पक्षी कुठे ठोकतोय, अळंब्या आल्या का. मग पुढचं चाक मुळाला लागायचं आणि बाई अलगद पानांत. पडल्यावर उठायची घाई नसायची. पाठीवर पडून वर बघत बसायची. आम्ही दर मंगळवारी संध्याकाळी निघतो. सगळे खाली ओढ्याशी पोहोचायचे आणि वर बघत उभे राहायचे. सगळे आल्याशिवाय थर्मास उघडायचा नाही, हा नियम. मग कधीतरी ती यायची, केसांत पान, गुडघ्याला चिखल.

"काय गं, झोपली होतीस का?" रेग्नार विचारायचा.

"हो. तुम्हीपण झोपत जा. वरून फार छान दिसतं."

"खालून म्हण."

"तेच ते," ती म्हणायची, आणि आम्ही कॉफी ओतायचो.

तिच्यासाठी थांबायला कुणाचीच ना नसायची. मी जरा तिरसट माणूस आहे, मला चर्चमध्येही पाच मिनिटं बसवत नाही. पण त्या ओढ्याशी उभं राहणं मला आवडायचं. उन्हाळ्यात आमच्याकडे संध्याकाळ संपतच नाही. आकाश निळं होत होत थांबून राहतं, खाडीवरून थंड वास येतो, कुणी फारसं बोलत नाही. आपण कुणाची तरी वाट पाहतोय आणि ते माणूस नक्की येणार आहे, याच्याइतकं सुख मला दुसरं माहीत नाही.

मग एका मे महिन्यात गडबड झाली. 'कोल्ह्याचं शेपूट' नावाची आमची एक निळी वाट आहे, वळणावळणाची. तिथला एक खांब हिवाळ्याने सोलून काढला होता, तो मी संध्याकाळी एकटाच रंगवत बसलो होतो. वरून सायकलचा आवाज आला. पांढऱ्या फुलांचा गालिचा दोन्ही बाजूंना, आणि मधून बोडिल खाली येत होती. एका वळणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, काहीतरी गुणगुणत. दोन्ही पाय पेडलवर. झाडांचे शेंडेही बघत होती आणि वाटही तिच्या चाकाखाली आपोआप येत होती. मला पाहिलं आणि तिने करकचून ब्रेक लावला.

"पाहिलंस का, आस्गर?"

"डोळे आहेत मला."

"कुणाला सांगू नकोस."

"का? चालवता येत नाही म्हणून लपवतात लोक. तुझं भलतंच."

ती सायकलवरून उतरली आणि खांबाला टेकून उभी राहिली. तिच्या बाहीला ओला रंग लागला, तिचं लक्ष नव्हतं.

"गेल्या उन्हाळ्यापासून येतंय," ती म्हणाली. "मुद्दाम नाही शिकले रे. अंगात आलं. मंगळवारी मी मुद्दाम पाय टेकते आणि वर जरा बसून राहते."

"कशासाठी?"

"मला येतंय हे कळलं, तर माझी वाट कोण पाहील?"

मी म्हटलं, बाही बघ, आणि टर्पेंटाइनची बाटली तिच्याकडे सरकवली.

त्या वर्षी आम्ही नवी वाट खणत होतो. तिचं नाव 'गाईचं पोट', कारण टेकडीचा तो भाग तसाच गोल आणि लोंबता आहे. ही हिरवी व्हावी अशी सगळ्यांची इच्छा होती, कारण गावातल्या नव्या लोकांसाठी हिरव्या वाटा कमी पडत होत्या. नव्यांमध्ये सर्वांत पुढे एयनार. हा फेरीबोटीवर आचारी होता, निवृत्त झालेला, पोट सुटलेलं, सत्तरीला टेकलेला. डॉक्टरने धाक घातला म्हणून सायकल घेतली आणि तिच्या प्रेमातच पडला. हिरव्या वाटांवर रोज सकाळी एकटा फिरायचा आणि मंगळवारी आमच्यासाठी दालचिनीचे पाव भाजून आणायचा. "हिरव्या वाटांचा राजा आला," असं आम्ही चिडवायचो, तो मान डोलवायचा.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी 'गाईच्या पोटा'ची परीक्षा ठरली. आम्ही झाडांत उभे. वाटेच्या मध्यावर एका जुन्या बीचचं मूळ आडवं गेलं होतं, चांगली पायरी झाली होती त्याची. रेग्नारला ते दिसलंच नाही, त्याला अशा गोष्टी दिसत नाहीत. बोडिलला दिसलं होतं. तिने नंतर मला सांगितलं, की तिथे पाय टेकायचा हे तिने वरूनच ठरवलं होतं, अगदी कुठला पाय तेही.

पण ती निघाली तेव्हा बाहेर शेतात कापणी चालू होती. बार्लीचा धुरळा उन्हात सोनेरी होऊन रानात शिरत होता, वारा पडला होता, सगळ्या रानाला गरम पावाचा वास येत होता. बोडिल त्यातून खाली आली ती डोळे अर्धे मिटून. मूळ आलं आणि गेलं. सायकल जराशी उडाली आणि मऊ टेकली. दोन्ही पाय पेडलवर, चेहऱ्यावर असं हसू की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

"हिरवा," रेग्नार ओरडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बोडिल खाली पोहोचल्यावर जागी झाली. तिने वर मुळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सांगायला तोंड उघडलंही, पण तेवढ्यात कुणीतरी तिच्या हातात पेला दिला, कुणी पाठीवर थाप मारली, आणि ते तोंड मिटलं. मी दुसऱ्या दिवशी खांब हिरवे केले. बोडिलचं गुपित मला ठाऊक होतं, पण म्हटलं, एक मूळ आहे, काय होणार.

सप्टेंबरच्या एका रविवारी वाट उघडली. वाटेच्या तोंडाशी झेंडे लावले होते, कॉफी होती, रेग्नारचं भाषण होतं, ते नेहमीप्रमाणे लांबलं. पहिला मान एयनारला. तो हात हलवत निघाला. आम्ही खाली उभे होतो. मुळाशी त्याचं पुढचं चाक अडकलं आणि तो भला मोठा माणूस हँडलवरून समोर पडला.

गळ्याजवळचं हाड मोडलं. हाडाचं काय, ते जुळतं. पण रुग्णवाहिका येईपर्यंत तो पानांत बसून होता, तोंड पांढरं पडलेलं, आणि सगळ्यांची माफी मागत होता. "माझंच चुकलं," म्हणत होता. "हिरवी वाट आहे. पोरंटोरं येतील इथून. मलाच जमलं नाही. उगाच नाद लागला मला." बोडिल त्याचं हेल्मेट हातात धरून शेजारी गुडघ्यांवर बसली होती.

त्या आठवड्यात एयनारच्या फाटकावर पाटी लागली, सायकल विकणे आहे. चुकीचा रंग माणसाला हाडापेक्षा आत लागतो. आपल्याला अवघड गोष्ट जमली नाही तर आपण पुन्हा बघतो. सोपी जमली नाही तर तोंड लपवतो. हे मला तेव्हा कळलं, आणि माझ्या आधी बोडिलला कळलं.

मंगळवारी पावसाची भुरभुर होती म्हणून आम्ही वनखात्याच्या जुन्या शेडमध्येच बसलो होतो. राय धान्याच्या पावावर लिव्हरची चटणी लावून रेग्नार खात होता.

"मला एक सांगायचंय," बोडिल म्हणाली.

"सांग की."

"मला आता येतं."

"काय येतं?"

"सायकल."

सगळे हसले. रेग्नार म्हणाला, "अगं मग काय, पदक हवंय का?"

ती हसली नाही. भिंतीकडे बघत तिने सगळं सांगितलं. दोन उन्हाळे. मुद्दाम टेकलेला पाय. ते मूळ. हळूहळू पत्र्यावरचा पाऊस ऐकू यायला लागला. सांगता सांगता तिचा चेहरा गळ्यापर्यंत लाल झाला होता.

"म्हणजे दोन वर्षांतल्या सगळ्या वाटा..." रेग्नारने पाव खाली ठेवला.

"हो."

"आणि हे सगळं कशासाठी?"

त्याचं उत्तर मी दिलं असतं, पण ते द्यायचा हक्क माझा नव्हता. तिने रेनकोट घातला आणि पावसात निघाली, आणि मी तिच्या मागे.

ती थेट एयनारकडे गेली. हात गळ्यात बांधलेला एयनार खिडकीशी बसला होता. बोडिलने रेनकोटही काढला नाही, दारातच पाणी ठिबकत उभी राहिली.

"ती वाट हिरवी नाही," ती म्हणाली. "मी खोटा पाय दाखवला. खरं म्हणजे खरा दाखवला. नुसता पाय टेकायचं मी ठरवलं होतं, पण जी मी पूर्वी होते ती तिथे पडली असती."

एयनारला समजायला वेळ लागला. "पडली असतीस म्हणजे?"

"म्हणजे ती लाल आहे."

"लाल?" तो माझ्याकडे वळला. "आस्गर, लाल?"

"उद्या रंगवतो," मी म्हटलं.

एयनारचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "मी लाल वाटेवर पडलो," तो म्हणाला, आणि मग पुन्हा, जरा मोठ्याने, जणू कुणाला फोनवर सांगतोय. मग म्हणाला, "अर्ध्यापर्यंत तर आलो होतो की मी." बोडिल रडायला लागली. एयनारने एका हाताने कॉफी टाकली आणि तिला रेनकोट काढायला लावला. मी निघालो तेव्हा जाता जाता फाटकावरची पाटी काढून घेतली. एयनारने खिडकीतून पाहिलं आणि मान डोलवली.

हाड जुळलं की बोडिलची जागा एयनारने घ्यायची, असं ठरलं. त्याने मोठ्या अभिमानाने होकार दिला. दोन वर्षांतल्या वाटा पुन्हा तपासायच्या, मी पुन्हा रंगवायच्या. सगळं नीट लागलं. फक्त बोडिल येईनाशी झाली.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा मी स्मशानभूमीत गेलो. ती थडग्यांवर थंडीसाठी सुरूसारख्या हिरव्या फांद्या अंथरत होती, एकीवर एक, पांघरूण घालावं तशा.

"मंगळवारी काय करतेस हल्ली?" मी विचारलं.

"टीव्ही बघते."

"काय असतं?"

"मंगळवारी काही नसतं."

"मग ये."

"येऊन काय करू? खोटं बोलले म्हणून कुणी चिडलंय का?"

"रेग्नार चिडला होता. मग विसरला. आता तो नव्या पुलाविषयी बोलतो, ऐकवत नाही."

तिने एक फांदी नीट केली. "पूर्वी मला तिथे काहीतरी काम होतं, आस्गर. आता मी गेले काय आणि नाही गेले काय. इतरांसारखीच एक." ती हे अगदी शांतपणे म्हणाली, आणि मला इतकं वाईट वाटलं की मी तिला नुसतंच "जॅकेट जाड घाल" म्हणून निघून आलो.

त्या मंगळवारी ती आली. खाडीवरून धुकं चढलं होतं, रान दुधात बुडाल्यासारखं, पुढच्या माणसाची फक्त पाठ दिसायची. मंडळाने नवी जॅकेटं शिवून घेतली होती, सगळी सारखी, करड्या रंगाची. तिलाही एक दिलं. "आलीस," रेग्नार म्हणाला, "बरं झालं," आणि निघाला.

'कोल्ह्याच्या शेपटा'वरून उतरताना ती माझ्या पुढे होती. पाय टेकला नाही, कुठे थांबली नाही. पिवळी पानं चाकाखाली मऊ दबत होती. खाली ओढ्याशी पोहोचल्यावर ती रेग्नारच्या शेजारी जाऊन उभी राहिली, मी तिच्या पलीकडे. सगळ्यांच्या अंगांतून वाफ निघत होती. कुणी थर्मास उघडला नाही. सगळे हात खिशात घालून वर, धुक्यात बघत उभे होते, तर तीही बघत उभी राहिली.

जरा वेळाने तिने हळूच विचारलं, "कोण राहिलंय?"

"कोण काय," रेग्नार वर बघतच म्हणाला. "बोडिल. दुसरं कोण."

धुकं, सारखी जॅकेटं आणि इतक्या वर्षांची सवय, कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. एकाने मान हलवली, एकाने पाय आपटून गरम केले. मी बोडिलकडे पाहिलं. तिने हेल्मेटखालून एकेकाचा चेहरा पाहिला, सगळे वर वळलेले, कुणाला काही घाई नसलेले. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"येईल हो ती," बोडिल म्हणाली. "थांबू या थोडं."

"थांबलोच आहोत की," रेग्नार म्हणाला.

आणि आम्ही थांबून राहिलो.